घरातली संध्याकाळची प्रार्थना पुन्हा कशी सुरू केलीत?

सांजदिवा

जय ख्रिस्त मंडळी. बरेच दिवस इथे फक्त वाचत होते, आज विचारायचं आहे म्हणून धागा काढतेय.

माझं माहेर नगरचं. रात्रीची जेवणं झाली, भांडी मोरीत गेली की बाबा पुस्तक उघडायचे. शास्त्रपाठ, एक गीत, मग सगळे खाटेला टेकून गुडघ्यावर. बाबांची प्रार्थना लांब असायची. त्यात गावातला आजारी माणूस, पाऊस, परीक्षेला बसलेली मुलं, भांडून वेगळी राहायला गेलेली आत्या, सगळे असायचे. धाकटा भाऊ बहुतेक वेळा गुडघ्यावरच झोपून जायचा आणि 'आमेन'ला दचकून उठायचा. या प्रार्थनेला आम्ही कधी काही वेगळं मानलं नाही. दात घासणं जसं रोजचं, तसंच ते.

लग्नानंतर पिंपरीला आले. नोकरी, दोन मुलं, नवऱ्याची शिफ्ट. रविवारची उपासना चुकत नाही, नाताळ आणि उत्तम शुक्रवार चुकत नाही. पण सोमवार ते शनिवार घरात देवाचं नाव फक्त जेवणाआधीच्या दोन ओळींत, तेही ताट समोर आल्यावर घाईघाईने.

मागच्या वर्षी बाबा गेले. त्यांचं पवित्र शास्त्र (बायबल) माझ्याकडे आलं. स्तोत्रसंहितेच्या समासात पेन्सिलीने बारीक तारखा आहेत. ज्या दिवशी घरात जे स्तोत्र वाचलं त्याची तारीख. १२१व्या स्तोत्राशेजारी अकरा तारखा मोजल्या. त्यातली एक माझ्या दहावीच्या निकालाच्या आदल्या दिवशीची आहे.

त्यानंतर तीनदा ठरवलं. पहाटे पाचला उठून एकटीने वाचायचं. मोबाइलवर वर्षभराचा वाचनक्रमही घेतला. पहिल्यांदा नऊ दिवस टिकलं, दुसऱ्यांदा सहा, तिसऱ्यांदा लेवीयपर्यंत, म्हणजे तिसऱ्या पुस्तकापर्यंतही पोचले नाही. वाचायचा दिवस राहून गेला की अपराधी वाटायचं, आणि अपराधी वाटलं की पुस्तक उघडावंसंच वाटायचं नाही.

ज्यांनी घरातली प्रार्थना सुटल्यावर पुन्हा धरली त्यांनी सांगावं. वेळ कोणती? मोठ्या मुलांना कसं बसवता? माझी मुलं इंग्रजी शाळेत, मराठी शास्त्र अडखळत वाचतात. शेजारी दोन ख्रिस्ती घरं आहेत, एक वसईचं कॅथलिक. त्यांना बोलवावं का?

बोळींजकर

ताई, वसईवाला आहे म्हणून पहिला हात वर करतो.

आमच्याकडे साडेसातला ओटीवर रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना व्हायची. आजी माळ धरून पुढे, आम्ही मागे. टीव्हीवरच्या मालिका आल्या तशी ती आधी साडेसहाला सरकली, मग फक्त ऑक्टोबरात आणि मे महिन्यात राहिली, मग आजीबरोबरच गेली. हे एका घराचं नाही, आमच्या आख्ख्या आळीचं असंच झालं.

परत कशी आली ते सांगतो. ऑक्टोबर हा माळेचा महिना. एका वर्षी आळीतल्या बायकांनी ठरवलं की पवित्र मारियेची मूर्ती रोज एका घरी न्यायची आणि त्या दिवशीची माळ त्या घरात. पहिल्या वर्षी गडबड झाली ती खाण्याची. एका घरी वडे, मग दुसऱ्या घरी वडे आणि केक, तिसरं घर बिचारं भाड्याच्या खोलीत, त्यांनी मूर्ती घ्यायलाच नको म्हटलं. पुढच्या वर्षी नियम केला: पाणी. चहासुद्धा नाही. त्या वर्षी एकही घर सुटलं नाही. भाड्याच्या खोलीतलं तर नाहीच, तिथे तर लोक जिन्यापर्यंत बसले होते.

दुसरं, माळेतली पाच रहस्यं, म्हणजे येशू-मारियेच्या आयुष्यातले प्रसंग, पाच जणांनी सांगायची, त्यातलं एक तरी लहान मुलाने. मूल पुढे असलं की त्याची आई, आजी, मामा सगळे येतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली प्रकाशाची रहस्यं जोडली, ती आमच्या जुन्या बायकांना पाठ नव्हती. ती मुलांनीच त्यांना शिकवली. तिथून मुलांचा त्यात जीव गुंतला.

ऑक्टोबर संपल्यावर रोजचं राहिलं नाही, ते खोटं सांगणार नाही. पण सहा-सात घरांनी शनिवार धरला आणि तो अजून आहे. तुम्ही एकदम रोजचं घेऊ नका. आणि तुमच्या शेजारच्या वसईकरांना बोलवाच. माळ येत नसली तरी 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना सगळ्यांची एकच आहे.

मधली_वाट

मला एक खुपतं. सवयीने म्हटलेली प्रार्थना ही प्रार्थना असते का? ओठांनी सन्मान आणि अंतःकरण दूर, असं बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, २९व्या अध्यायात देवच म्हणतो. मी लहानपणी हजारो वेळा माळ म्हटली, मन भातुकलीत असायचं. आता मनापासून वाटेल तेव्हाच प्रार्थना करते. महिन्यातून दोनदा वाटतं, पण खरं वाटतं.

बोळींजकर

मन भातुकलीत असायचं हे कबूल. पण तुम्हाला ते शब्द आजही पाठ आहेत ना? माझा भाऊ दवाखान्यात होता तेव्हा मला स्वतःचा एक शब्द सुचेना. माळच सुचली. त्या रात्री ती सवय होती की प्रार्थना, मला सांगता येणार नाही.

जुना_नगरी

सांजदिवाताई, तुमच्या वडिलांच्या तारखांचं वाचून पुस्तक मिटून बसलो थोडा वेळ. माझं वय ७४. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या मंडळीत (चर्चमध्ये) चाळीस वर्षं वडील, म्हणजे 'एल्डर', म्हणून सेवा केली.

आमच्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. खेड्यापाड्यांत पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, कधी पावसाळ्यात दोन महिने नाही. मग मंडळी जिवंत कशावर राहिली? भजनावर. दिवे लागले की शाळेच्या खोलीत पेटी, तबला, टाळ. शेतावरून आलेला माणूस तसाच, पायाला माती. ज्याला वाचता येत नाही त्यालाही शंभर-सव्वाशे गीतं तोंडपाठ. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती, पण सगळं शुभवर्तमान तिला गाण्यांतून येत होतं. डोंगरावरचं प्रवचन ती चालीवर सांगायची.

याचं मोठं श्रेय कवी नारायण वामन टिळकांना. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, पुढे नगरलाच राहिले. परदेशी चालींवर बेतलेली भाषांतरित गीतं लोक आदराने म्हणायचे, पण ती ओव्या-अभंगांसारखी जात्यावर आणि मोटेवर येत नव्हती. टिळकांनी अभंग आणि पदं दिली, आणि ख्रिस्त आमच्या बोलीत घरी आला. कीर्तनही आमच्या मंडळ्यांत एकोणिसाव्या शतकातच आलं होतं, कृष्णराव सांगळ्यांसारख्यांनी ते नावारूपाला आणलं. लोक रात्र रात्र बसत. शेवटच्या काळात, १९१७ साली, टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला. भाव असा की ख्रिस्ताच्या मागे येणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, एकत्र बसता यावं. दोनच वर्षांत ते गेले, पण तो विचार मला फार मोठा वाटतो. आजही वाटतो.

आमचं भजन बंद कसं पडलं? तरुण पुण्याला, चाकणला, रांजणगावला गेले. पेटीवाला वारला. मग उपासनेला स्पीकर आला, आणि जे गायचे ते ऐकू लागले. माझ्या मते नुकसान तिथे झालं. गाणारा माणूस दुसऱ्या दिवशी नांगरताना गुणगुणतो. ऐकणारा घरी जातो.

सहा वर्षांपूर्वी आम्ही पाच म्हाताऱ्यांनी गुरुवार धरला. पेटीची भाती फाटलेली, ती आधी चिकटवून घेतली. पहिले दोन महिने पाचच. एका गुरुवारी तर मी एकटाच होतो, बाकी लग्नाला गेलेले. एकट्याने एक पद म्हटलं, दिवा मालवला, घरी आलो. तिसऱ्या महिन्यात एक मुलगा ढोलकी घेऊन आला, कारण त्याला वाजवायला जागा हवी होती. त्याच्यामागे तिघे. आज पंधरा-वीस असतात.

मधली_वाट, बाळ, तुमच्या प्रश्नाला उत्तर देण्याइतका मी शहाणा नाही. पण भाव आला की भजन, असं ठरवलं असतं तर त्या एकट्या गुरुवारी मी गेलो नसतो. आणि मग ढोलकीवाल्या मुलाला दार बंद दिसलं असतं.

वारीची_वाट

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. धागा वाचून राहवलं नाही. आमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ असायचा, आजोबा टाळ घेऊन बसायचे. तोही असाच गेला. काका, तुमचं 'जे गायचे ते ऐकू लागले' आमच्या मंदिराला अक्षरशः लागू आहे. काकड्याला आता रेकॉर्ड लागते.

एक विचारतो, चूक असल्यास माफ करा. तुमच्या भजनात चक्री भजन असतं का, म्हणजे एकाने चरण म्हणायचा, मग पुढच्याने?

जुना_नगरी

माफी कसली हो. असतं. पाळीपाळीने प्रत्येकाने एक पद घ्यायचं. ज्याला येत नाही त्याने नुसतं ध्रुपद धरायचं. आमच्या गावातले वारकरी टाळकरी नाताळला आमच्यात वाजवायला बसतात आणि सप्त्याला आमचा ढोलकीवाला तिकडे जातो. या कधी गुरुवारी.

मेथॉडिस्ट_नात

छान चाललाय धागा. माझी आजी मेथॉडिस्ट मंडळीत 'क्लास लीडर' होती. लहानपणी मला वाटायचं ती शाळेत शिकवते. नंतर कळलं.

गोष्ट १७४२ची, इंग्लंडातल्या ब्रिस्टलची. सभागृह बांधल्याचं कर्ज डोक्यावर होतं. कोणीतरी सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबाकडे तीही नसेल तर? मग एकेका माणसाने दहा-अकरा जणांची जबाबदारी घ्यायची, दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन पैसे जमवायचे, कमी पडेल ते स्वतः घालायचं. असं दारोदार जाताना त्यांना दिसलं की अमका दारू पितोय, तमक्याच्या घरात भांडण आहे, कोणी आजारी पडून आहे. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींच्या लगेच ध्यानात आलं की कर्जापेक्षा मोठी गोष्ट हाताला लागली आहे. मग घरोघर फिरण्याऐवजी ते बारा जण आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. प्रश्न साधा: तुझ्या जिवाचं कसं चाललंय?

आजी हेच करायची. तिच्या वहीत अकरा नावं असायची. दर बुधवारी ती एकेकाला नावाने विचारायची आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायची. ते गप्प बसणं मला आजवर जमलेलं नाही.

मला वाटतं बारा हा आकडा महत्त्वाचा आहे. दोनशेच्या मंडळीत माणूस दोन महिने आला नाही तरी कळत नाही. बारांत एक नसला तर चटई रिकामी दिसते.

अबोली_पिंपरी

लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं.

माझी आई दोन वर्षांपासून अंथरुणाला आहे. अर्धांग. त्याआधी तीस वर्षं ती मंडळीच्या प्रत्येक कामात होती. संडे स्कूल, महिला मंडळ, प्रीतिभोजनाच्या दिवशी पहाटेपासून भात. ती पडली तेव्हा पहिल्या आठवड्यात लोक आले. मग नाही. दोन वर्षांत प्रभुभोजन (पाळक देतात ती भाकर आणि द्राक्षरस) तिला घरी चार वेळा मिळालं, तेही मी फोन करून करून. मंडळीच्या ग्रुपवर मात्र रोज सकाळी वचन येतं, फुलांचं चित्र, खाली तीसेक जोडलेले हात. आईचं नाव टाकलं की लगेच 'प्रार्थनेत आहोत'.

कुठली मंडळी ते लिहीत नाही. पाळकांना दोष देऊन काही होणार नाही, त्यांच्याकडे तीन ठिकाणं आहेत. पण घरातली भक्ती, माळ, भजन असं सगळं वाचताना मला एवढंच दिसत होतं की आमच्या दारावर कोणी येत नाही. मी आता आईशेजारी बसून प्रार्थना करत नाही. ती ओठ हलवते, मी मोबाइल बघते. हे इथे पहिल्यांदा कबूल करतेय.

जुना_नगरी

अबोलीताई, तुमची मंडळी मला माहीत नाही, पण वडील म्हणून मी अशी चूक केलेली आहे. माणूस उभा असतो तोवर आम्हाला त्याचं काम दिसतं. पडला की त्याचं नाव यादीत जातं. आणि यादी रविवारी वाचली की आम्हाला वाटतं आपण केलं. याकोबाच्या पत्रात स्पष्ट आहे, कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी त्याच्याकडे जाऊन प्रार्थना करावी. जाऊन. मी तुमची क्षमा मागतो. त्या वडिलांच्या वतीने मागण्याचा अधिकार मला नाही, माझ्या वतीने मागतो.

मधली_वाट

अबोली, मी पण तशीच ओठ बघत बसायचे, आजीचे. एवढंच.

मुक्तीची_लेक

मी दौंड तालुक्यातली, केडगावजवळची. पंडिता रमाबाईंच्या मुक्तीत, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आश्रमात, माझी पणजी वाढली, दुष्काळात आणलेल्या मुलींपैकी. त्यामुळे हे थोडं घरचं आहे.

मुक्तीतल्या १९०५च्या संजीवनाविषयी, म्हणजे तिथे उसळलेल्या भक्तीच्या लाटेविषयी, पुष्कळ बोललं जातं, रडणं, जागरणं, रात्रभर प्रार्थना. पण त्याच्या आधीचे सहा महिने कोणी सांगत नाही. त्या वर्षी जानेवारीत रमाबाईंनी विचारलं, रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे? सुमारे सत्तर जणी उभ्या राहिल्या. त्या रोज जमत राहिल्या, संख्या वाढत गेली. जूनअखेर जे झालं ते झालं, पण फेब्रुवारी, मार्च, एप्रिलमध्ये काहीही न घडता त्या रोज जमत होत्या. दिवसभर विणकाम, शेती, दळण, छापखाना, आणि मग प्रार्थना. मला त्या उन्हाळ्यातल्या मुलींबद्दल जास्त आदर वाटतो.

आणखी एक. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत मूळ भाषांवरून शास्त्राचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, कारण त्यांच्यासमोर बसणाऱ्या बायकांना संस्कृतप्रचुर शब्द कळत नव्हते. छपाईचे खिळे जुळवायला त्याच बायका. सांजदिवाताई, तुमच्या मुलांना मराठी अडखळत येतं म्हणता ना, अडखळू द्या. आधी तुम्ही एक ओळ सांगा, मग त्यांनी वाचावी. आमच्याकडे तसंच शिकवायचे.

मस्कतहून

नर्स आहे, इथे चौदा वर्षं. इथल्या रुवी भागातल्या चर्चच्या आवारात शुक्रवारी उपासना असते, पण शिफ्ट असली की जाता येत नाही. आम्ही सात मराठी नर्सेस रात्री दहाला पंधरा मिनिटं फोनवर जमतो. एक स्तोत्र, प्रत्येकीची एक विनंती, 'आमच्या स्वर्गातील पित्या', संपलं. सोळावं मिनिट नाही, हा नियम. लांबलं की दुसऱ्या दिवशी लोक गळतात. जिची ड्यूटी असेल तिने यायचं नाही, पण बाकीच्यांनी तिचं नाव घ्यायचं.

अबोली, माझीही आई तिकडे आजारी आहे आणि मी इथे दुसऱ्यांच्या आया उठवते-बसवते. तुझ्या आईचं नाव मला इथे नको, पण आज दहाला आम्ही 'अबोलीची आई' म्हणून घेऊ.

सांजदिवा

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचं वाचत होते, काहींचं पुन्हा पुन्हा.

पहाटेचं सोडून दिलं. गुरुवार, रात्री साडेआठ, वीस मिनिटं, पाणी. तीन घरं. वसईच्या वहिनींना विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, तुम्ही बोलवाल याची वाट बघत होते, आम्हाला वाटलं तुमच्यात माळ चालत नाही म्हणून आम्ही गप्प. चार वर्षं आम्ही एकाच मजल्यावर राहतो!

पहिल्या गुरुवारी मोठा मुलगा खोलीतून बाहेर आला नाही. मी हाक मारली नाही, दार मात्र उघडं ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात चार्जर शोधायला आला आणि दारात उभा राहिला. तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी त्याला स्तोत्र १२१ वाचायला दिलं. प्रत्येक ओळीला थांबला. 'साहाय्य' शब्दावर तीनदा. कोणी घाई केली नाही. त्याच रात्री त्याने विचारलं की आजोबांच्या पुस्तकात या तारखा कशाच्या आहेत.

मधले दिवस अजून कोरडेच आहेत. मंगळवारी मला काहीही वाटत नाही. पण बुधवारी संध्याकाळी वहिनी दारातून विचारतात, उद्या आहे ना, आणि मी हो म्हणते. एकटीच्या ठरावाला असं कोणी विचारत नव्हतं.

आम्ही एक वही केली आहे, मेथॉडिस्ट_नातच्या आजीसारखी. अबोली, तुला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. तू पिंपरीतच आहेस. बघशील?

अबोली_पिंपरी

काल रात्री तिघं आली होती. सांजदिवाताई, त्यांच्या शेजारच्या वहिनी आणि ताईंचा मोठा मुलगा. आधी मी नको म्हटलं होतं, घर आवरलेलं नव्हतं.

आईला बोलता येत नाही नीट. पण वहिनींनी टिळकांचं एक पद सुरू केलं तेव्हा तिने डाव्या हाताने चादरीवर ठेका धरला. दोन वर्षांत मी तो हात असा हललेला पाहिला नव्हता. फिजिओथेरपीला सांगितलं तर हलवत नाही ती.

पुढचा गुरुवार आमच्याकडे. चौथा मजला, लिफ्ट बंद आहे, जिना अरुंद आहे. पेटी आणणार असाल तर आधी कळवा, खालच्या मजल्यावरच्या दादांना सांगून ठेवते, ते वर चढवून देतील.